परमुलखातला म्हसोबा

ज्याने मृत्यू जवळून पाहिला, त्याला त्या क्षणी देव दिसतो असे जाणकार सांगतात. मृत्यू मीही जवळून पाहिला आहे, अगदी त्याच्या अंगणात उभा राहून. मला देव दिसला नाही, कारण मी त्या वेळी लघवीसाठी आडोसा शोधत होतो आणि मृत्यू तिथे आहे हे मला ठाऊकच नव्हते. ते दुपारनंतर कळले. म्हणूनच हा अनुभव लिहायला मी इतकी वर्षे टाळाटाळ केली. आमच्या भजनी मंडळातल्या लोकांच्या अनुभवांत प्रकाश असतो, सुगंध असतो, निदान स्वप्नात कुणी तरी पांढऱ्या कपड्यांतले येऊन जाते. माझ्या अनुभवात ऑइलपेंट आहे. पण मंडळाचा आग्रह आहे, आणि आता खोटे काही घालावे अशी इच्छाही उरलेली नाही, तेव्हा घडले तसे लिहितो.

त्या काळी मी भाविक नव्हतो. राहायला चिंचवडला, नोकरी पिंपरीच्या एका इंजिनांच्या कारखान्यात, इन्स्पेक्टरची. बायको दर चतुर्थीला देवळात जाई आणि मी तिच्याबरोबर दारापर्यंत जाई. चपला सांभाळायला कुणी तरी बाहेर लागतेच, या सबबीवर मी वर्षानुवर्षे आत गेलो नव्हतो. वाचन बरे होते. देव नाही असे मी म्हणत नसे, फक्त त्याच्या व्यवस्थापनाबद्दल मला शंका होत्या. देवाच्या नावाने माणसे जो थाटमाट करतात, तो पाहून त्या वाढतच.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या कारखान्याची पाणी उपसायची इंजिने आफ्रिकेतल्या एका देशाने घेतली. देशाचे नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी आम्हाला जे दिले, त्याच्या बदल्यात त्यांची बदनामी नको. इंजिने बसवून चालू करून द्यायला मला आणि बबनराव नावाच्या फिटरला पाठवायचे ठरले. आमच्या खात्यातून परदेशी जाणारे आम्ही पहिलेच, त्यामुळे निरोपसमारंभ झाला. बँड होता. मोठ्या साहेबांनी भाषणात आम्हाला भारतमातेचे दूत म्हटले, आणि नाव घेताना माझ्या जागी माझ्या आधीच्या इन्स्पेक्टरचे नाव घेतले. तिकडे काय खावे, कुठे जपावे, पाणी कसे प्यावे, याबद्दल मात्र कुणीच काही सांगितले नाही, कारण कुणालाच माहीत नव्हते. हार मात्र दोन दोन पडले.

बबनराव मोशीचे. अंगाने दणकट, मिशा भरघोस, आणि बोलणे असे की इंद्रायणीच्या या काठावर बोलले तर त्या काठावर ऐकू जावे. पंढरीचा देव सोडून बाकी सगळे देव आपल्या घरच्या नात्यातले आहेत, असा त्यांचा रुबाब. आंघोळ केल्याशिवाय चहासुद्धा तोंडाला लावायचे नाहीत. पहिल्या पाळीला सगळे दात घासत पळत यायचे, बबनराव ओल्या केसांनी आणि गंध लावून. इंजिन नारळ फोडल्याशिवाय चालू करायचे नाही हा आमच्या शॉपचा रिवाजच होता, म्हणून त्यांनी मोशीच्या बाजारातून एक नारळ घेऊन तो लाल फडक्यात बांधून पेटीत ठेवला.

“तिकडं नारळ मिळत असतील, बबनराव,” मी म्हणालो.

“मिळंल, पण तो आपला असंल का? इंजान आपलं, नारळ परका, देव म्हणंल कुणाचं ऐकू?”

विमानात त्यांनी तो नारळ मांडीवर घेतला होता.

इंजिने बोटीने आली, बंदरावर उतरली आणि पुढे लॉरीने गेली. आम्ही मागून एका जुन्या जीपने निघालो. ड्रायव्हर तिथलाच, हसरा माणूस. त्याला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्याची, आणि इंग्रजी त्याला चार शब्द यायचे. बबनराव त्याच्याशी सरळ मराठीत बोलत आणि तोही मान डोलावत त्याच्या भाषेत उत्तर देई. दोघांचे माझ्यापेक्षा बरे जमत होते. मुलूख उजाड, ऊन असे की पत्र्याला हात लावावा तर चटका. पाणी फक्त पिण्यापुरते. पहिले दोन दिवस आंघोळ झाली नाही म्हणून बबनराव रुसल्यासारखे बसले होते. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “सायेब, मी आता माणसात राहिलो न्हाई. पारोसा माणूस आणि खांबाला बांधलेलं ढोर, सारखंच.”

त्याच दिवशी संध्याकाळी जीपचा मागचा ॲक्सल तुटला. मागून येणाऱ्या एका ट्रकवर ड्रायव्हर चढला. सामान आणायला जातो, उद्या येतो, एवढे त्याने खुणांनी सांगितले. मग रस्त्याच्या डाव्या कडेला हात करून, बोट हलवून तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिला, “नो गो. रोड. रोड.” मला वाटले, गाडी सोडून जाऊ नका, चोरी होईल, असे म्हणतोय. बबनरावांना वाटले, वाघ असतील. त्या देशात वाघ नसतात हे मी त्यांना समजावून सांगितले. ड्रायव्हर काय सांगत होता हे दोघांनीही सोडून दिले.

रात्र जीपमध्ये काढली. सकाळी पाहतो तर पाण्याचा कॅन खालून झिरपून रिकामा झालेला. बाटलीत होते ते दोघांनी घोट घोट घेतले आणि संपले. ऊन चढू लागले तसा माझा घसा आतून चिकटायला लागला. ड्रायव्हरचा पत्ता नव्हता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. आणि समोर, रस्त्याच्या डाव्या अंगाला, मोकळ्या माळापलीकडे झाडे आणि पत्र्याची छपरे स्वच्छ दिसत होती. गाव होते. सरळ चालत गेलो तर चिंचवड स्टेशनपासून आमच्या घरापर्यंत जी वीसेक मिनिटे लागतात त्यापेक्षा थोडा जास्त वेळ, एवढेच. रस्ता मात्र माळाला भला मोठा वळसा घालून जात होता आणि तो कुठे पोचतो ते दिसतही नव्हते.

आधी मी आडोसा पाहायला उतरलो. रस्त्याच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर दगड रचलेले होते आणि त्यांना लाल रंग दिलेला होता. त्यांच्या पलीकडे गवत चांगले उंच होते. मी दोन दगडांमधून आत गेलो, बराच आत गेलो, कारण मी लाजाळू माणूस आहे. काम उरकले, एक गवताची काडी तोडून दातांत धरली, आणि येताना गेलो त्या वाटेने न येता माळाचा अंदाज घेत तिरका रमतगमत बाहेर आलो. रस्त्यावर बबनराव डोळे विस्फारून उभे होते. त्यांनी पायातले बूट काढून ठेवले होते आणि हात जोडले होते.

“सायेब! काय केलंत हे? देवाच्या अंगणात? बुटासकट?”

“कुठला देव?”

“दिसंना व्हय तुमाला? म्हसोबा हाय हा. शिवंचा देव. आमच्या मळ्यात हाय तसा. ही रांग बघा की.”

“एवढे म्हसोबा?”

“भाऊबंद असतील.”

मी म्हणालो, हा शेंदूर नाही, साधा ऑइलपेंट आहे. ते म्हणाले, मोशीला बी आता ऑइलपेंटच लावत्यात, शेंदूर काय परवडतो का. मी म्हणालो, इथले लोक मुसलमान आहेत किंवा ख्रिस्ती आहेत, म्हसोबा इथे कसा येईल. त्यावर बबनरावांनी माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. “म्हसोबा येत नसतो, सायेब. तो असतोच. माणसं मागनं येत्यात.”

मला तहान लागली होती आणि वादाची हौस संपली होती. मी म्हणालो, चला, इथून सरळ गावात जाऊ. आणि दगडांच्या दिशेने निघालो. बबनरावांनी मागून माझी कॉलर धरली. फिटरने इन्स्पेक्टरची कॉलर धरल्याचे आमच्या कारखान्यात तरी मी पाहिले नव्हते.

“पारोशानं देवाची हद्द वलांडायची न्हाई. मरून जाऊ पर न्हाई.”

“बबनराव, पाण्यावाचूनही मरूच.”

“त्ये मरण येगळं. त्यात आपला दोष न्हाई.”

मी कॉलर सोडवायचा प्रयत्न केला, ती सुटेना. मग त्यांनी पुरावे मांडायला सुरुवात केली, आणि प्रामाणिकपणे सांगतो, पुरावे भक्कम होते. गवत बघा, ते म्हणाले, रस्त्याच्या उजव्या अंगाला जनावरांनी मुळापर्यंत खाल्लंय, आणि या अंगाला कंबरेएवढं. म्हंजे देवराई हाय. देवाच्या रानातली काडी कुणी तोडत न्हाई. (मी दातातली काडी हळूच टाकली.) पाऊलवाट बघा. गाव समोर दिसतंय, तरी एक बी वाट इथनं गेलेली न्हाई, समदी माणसं वळसा घालून जात्यात. येडी हायती का? आणि ते तिकडं बघा. त्यांनी बोट दाखवले तिथे गवतात पांढरे काही तरी पडले होते. शेळीची हाडे होती, कवटी शिंगांसकट. पलीकडे आणखी एक सापळा, मोठ्या जनावराचा.

“बळी देत्यात,” बबनराव हलक्या आवाजात म्हणाले. “जागृत हाय. लई कडक हाय.”

गवत का उभे, वाट का नाही, हाडे कुठली, यातल्या एकाही गोष्टीचा खुलासा मला करता येत नव्हता. मला एवढेच ठाऊक होते की बबनराव म्हणतात ते कारण नव्हे. सुशिक्षित माणसाची ही नेहमीची अडचण. मी म्हणालो, बरे, रस्त्याने जाऊ, पण तो नारळ फोडा आणि पाणी प्या. यावर ते घुटमळले. नारळ इंजिनाचा होता. पण देवाच्या दारातून रिकाम्या हाताने पुढे जाणेही त्यांना जमेना. शेवटी त्यांनी तोडगा काढला. नारळ जीपच्या बंपरवर फोडला, पाणी बाटलीत धरले, खोबऱ्याचा एक तुकडा रस्त्यावरूनच एका दगडाच्या पायाशी ठेवायचा म्हणून वाकले, मग हात मागे घेतला. “पारोसा हाय. लांबनंच घे बाबा.” तुकडा त्यांनी रस्त्याच्या कडेला, दगडाच्या अलीकडे ठेवला. मग म्हणाले, “घ्या सायेब. आता तीर्थ झालं.”

ते पाणी किती होते? फार तर कपभर. इतकी वर्षे झाली, देवळांतून किती तीर्थे घेतली, पण हातावर पडल्यावर डोळे भरून आले असे तेच एक. मी त्याचे कारण तहान असे त्या वेळी मानले.

वळशाचा रस्ता संपता संपेना. बबनराव पुढे आणि मी मागे. ते दगडांच्या बाजूला पाय जाऊ नये म्हणून उजव्या कडेने चालत होते आणि मी अधूनमधून डावीकडे झुकलो की “सायेब” अशी हाक येई. पुढे माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली आणि मी रस्त्यात बसलो. मला उठायचे नव्हते. घर, बायको, चिंचवड, सगळे फार दूरचे आणि बिनमहत्त्वाचे वाटू लागले होते, आणि ही खूण चांगली नाही एवढे मला कळत होते. बबनराव माझ्यावर सावली धरून उभे राहिले आणि त्यांनी मोठ्याने, त्या ओसाड मुलखात, मोशीच्या भैरोबाला हाक मारली. हाक कसली, दमदाटीच होती ती. “आरं, येतोस का न्हाई? का मीच न्यायचा ह्येला?”

रस्त्याच्या वळणावरून एक म्हातारी बाई आली. तिच्याबरोबर गाढव होते आणि गाढवावर पाण्याच्या दोन कातडी पखाली. हाकेला ओ म्हणून आली असे मी म्हणत नाही. ती रोज त्या वेळी पाणी घेऊन जात असणार. तिने आम्हाला पाहिले आणि लाकडी वाटीत पाणी ओतून माझ्या तोंडाला लावले. मी हावरटासारखा ओढू लागलो तशी तिने वाटी काढून घेतली आणि थोड्या वेळाने पुन्हा दिली, आजारी मुलाला देतात तशी. मग मला गाढवावर बसवले. एक पखाल तिने बबनरावांच्या खांद्यावर दिली. बबनराव तिला सारखे “आजी, आजी” म्हणत होते आणि ती सारखी त्यांच्या मिशांकडे पाहून हसत होती.

गावात दवाखान्याची एक खोली होती आणि तिथल्या कंपाउंडरला इंग्रजी येत होते. त्याने मला झोपवले, मीठसाखरेचे पाणी दिले. आम्ही कुठून आलो ते मी त्याला सांगितले. जीप बंद पडली ती जागा ऐकताच तो थांबला. “तुम्ही रस्त्यानेच आलात ना?” त्याने विचारले. मग पुन्हा विचारले.

मग त्याने सांगितले. काही वर्षांपूर्वी शेजारच्या देशाशी लढाई झाली, तेव्हा सैन्याने तो सगळा माळ सुरुंगांनी भरला. लढाई संपली, सैन्य गेले, सुरुंग कुठे कुठे पुरले ते सांगणारेही गेले. गावातल्या शेळ्या मेल्या, बैल मेले, माणसेही गेली. सरकार आले नाही, तेव्हा गावकऱ्यांनीच दगड रचले आणि मिळेल तो लाल रंग आणून त्यांना लावला. तेव्हापासून तिकडे कुणी पाय ठेवत नाही.

मी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे मी स्वतःच दिसत होतो, दातात काडी धरून, तिरका, रमतगमत. माझा चेहरा पाहून कंपाउंडरला वाटले ताप चढला. त्याने घोंगडी आणली. मी ती अंगावर घेतली आणि भिंतीकडे तोंड करून पुष्कळ वेळ रडलो. दुःखाने नव्हे. आपण आहोत, हात आहेत, पाय दोन आहेत, उद्या सकाळी पुन्हा तहान लागेल, या गोष्टीचे इतके मोठे सुख असते हे मला त्याआधी कुणी सांगितले नव्हते. निदान कुठल्याही भाषणात मी ते ऐकले नव्हते.

बबनराव तोवर विहिरीवर आंघोळ करून, कपाळाला कसली तरी राख लावून प्रसन्न चेहऱ्याने आले. मी त्यांना सगळे सांगितले. ते देव नव्हते, बबनराव, खाली सुरुंग होते. त्यांनी नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हंजे मी बोललो त्येच की. आत गेला तो मेला. तुमाला सोडलं, त्ये नवीन माणूस म्हणून.” आणि जेवायला काय आहे याची चौकशी करायला गेले.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर आम्हाला शोधत आला. जीप रिकामी पाहून त्याने आमची आशा सोडली होती. त्याने आम्हा दोघांना मिठी मारली आणि मग माझ्या छातीवर बोट आपटून आपले ते “नो गो. रोड. रोड.” पुन्हा म्हणून दाखवले. या वेळी मला ते पूर्ण कळले. इंजिने पुढे बसली, चालू झाली, नारळाशिवायच. बबनरावांनी इंजिनापुढे हात जोडून दिलगिरी व्यक्त केली.

या अनुभवावर मी पुष्कळ विचार केला आहे. बबनरावांचे निदान चुकले होते आणि माझ्याकडे निदानच नव्हते. त्यांच्या चुकीने मी बाहेर राहिलो, पण त्याआधी मी आत जाऊन आलो होतो, तेव्हा तर त्यांची चूकही कामाला आली नव्हती. त्या मधल्या वेळेत माझे पाऊल कुणी उचलले आणि कुठे ठेवले, याचा हिशेब माझ्याकडे नाही. योगायोग म्हणावे तर ते नुसते नाव झाले, खुलासा नव्हे. कृपा म्हटले तरी नावच आहे हे मी जाणतो, पण योगायोगाचे आभार मानता येत नाहीत आणि मला आभार मानल्याशिवाय झोप येईना. म्हणून मी कृपा म्हणतो. ती बाई तिकडे आता असेल की नसेल. रोज पाणी पिताना पहिला घोट तिच्या नावाने घेतो.

आणि एक गोष्ट शिकलो. शरण जाणे म्हणजे डोळे मिटून लोळण घेणे, असे मला वाटायचे आणि त्याचा राग यायचा. आता वाटते, ते याहून साधे असावे. आपल्या आधी इथे कुणी तरी येऊन गेले आहे, त्याने काही सोसले आहे आणि मागून येणाऱ्यासाठी एक रेघ ओढून ठेवली आहे. ती रेघ कशासाठी हे आपल्याला कळत नसले तरी तिथे थांबावे, पायातले काढावे, हात जोडावे. खुलासा मिळाला तर नंतर मिळेल. नाही मिळाला तरी पाय जागेवर राहतात.

परत आल्यावर पहिल्या चतुर्थीला मी बायकोबरोबर देवळात आत गेलो. चपला कोण सांभाळणार, एवढेच ती म्हणाली. तेव्हापासून वाटेत शेंदूर लावलेला कुठलाही दगड दिसला की मी स्कूटर थांबवतो, चपला काढतो आणि नमस्कार करतो. कामानिमित्त मला आठवड्यातून एकदा चाकणला जावे लागते. मोशी सोडून पुढे गेले की रस्त्याच्या कडेला असा एक दगड होता, वर निमुळता, शेंदराने थबथबलेला, आणि तिथे थांबल्यावर मला जितकी शांती मिळे तितकी दुसऱ्या कुठेही मिळाली नाही. गेल्या महिन्यात रस्ता रुंद करणाऱ्या लोकांनी तो उपटून बाजूला ठेवला. शेंदराचा जाड थर निघून आला होता आणि खाली काळ्या अक्षरांत लिहिलेले होते, चाकण ६ मैल.